सोलापुरात बसून डॉक्टोरल कलोक्वियम: माझ्या पीएचडीचा प्रश्न कसा बदलला

आपल्याकडे पीएचडी करणाऱ्याला कॉन्फरन्स म्हणलं की पेपर वाचन आणि सर्टिफिकेट एवढंच डोळ्यासमोर येतं. पण डॉक्टोरल कलोक्वियम नावाचा एक प्रकार असतो, त्यात संशोधन अर्धवट असतानाच ते घेऊन जायचं असतं आणि त्या विषयात मुरलेली माणसं बसून फक्त तुमच्या कामावर बोलतात. डिजिटल गव्हर्नमेंटच्या, म्हणजे सरकारी कारभार आणि सेवा ऑनलाइन आणण्याच्या, विषयात हे बरीच वर्षं चालू आहे, डिजिटल गव्हर्नमेंट सोसायटीची जी वार्षिक परिषद असते, जिला सगळे डीजीओ म्हणतात, तिच्यात असतं, युरोपातल्या ईगव्ह परिषदेतही पीएचडीवाल्यांसाठी वेगळं कलोक्वियम असतं. अशाच एका कलोक्वियममध्ये मला ऑनलाइन भाग घेता आला आणि त्यातून माझ्या कामाची दिशाच बदलली, म्हणून सविस्तर लिहिते. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून पीएचडी करणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं, आणि खरी गरज त्यांनाच असते.

माझा विषय आपले सरकार सेवा केंद्रं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर हे सगळं आपण जिथून काढतो ती. महाराष्ट्रात 2015 ला लोकसेवा हक्क कायदा आला, त्यात अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क झाला, नाही मिळाली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड अशी सोय आहे. सोबत पोर्टल आलं. म्हणजे कागदावर बघितलं तर कुणीही घरी बसून मोबाइलवरून अर्ज करू शकतो, ऑफिसची पायरी चढायची गरज नाही. आणि जून-जुलैमध्ये ॲडमिशनच्या टायमाला सोलापुरातल्या कुठल्याही केंद्रावर जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते. हे असं का, हा प्रश्न मला कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवायला लागल्यापासून पडलेला, कारण माझ्या वर्गातली मुलं, ज्यांचा अख्खा दिवस मोबाइलवर जातो, तीसुद्धा दाखल्यासाठी केंद्रातच जातात.

सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीच्या कामाचा आधी द्यायचा आराखडा, मंजूर झाला तो मात्र वेगळाच. नागरिकांचं समाधान मोजायचं, त्यासाठी टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल वापरायचं. हे मॉडेल फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलं, एखादी सिस्टिम उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का यावर माणूस ती स्वीकारतो की नाही हे ठरतं असं ते सांगतं. प्रश्नावलीत पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी पाच उत्तरं, आणि नमुना 384 जणांचा. हा 384 आकडा आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधात सापडतो, तो क्रेजी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या तक्त्यातून येतो, लोकसंख्या दहा लाख असली तरी 384 पुरतात असं तो तक्ता सांगतो. मॉडेल चांगलंय, तक्ताही चांगलाय. पण माझ्या केंद्रांवर ते दोन्ही लागू पडतात का ही शंका मला पायलट, म्हणजे प्रश्नावलीची छोटी पूर्वचाचणी, करतानाच यायला लागली होती.

पायलटसाठी मी पूर्व भागातल्या एका केंद्रात बसत होते. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे यंत्रमाग आणि विडी, घराघरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, शेजारी कन्नड आणि उर्दू. तिथं आलेल्या एका विडी कामगार मावशींना मी विचारलं, पोर्टल वापरायला सोपं आहे या वाक्याशी तुम्ही किती सहमत आहात. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग काउंटरवरच्या पोराकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "ते त्याला इचार की पोरी, मी कुठं बघितलंय ते. मी नुसता अंगठा लावते, तेबी लागंना."

अंगठा लागत नव्हता हे खरंच होतं. त्या आल्या होत्या पेन्शनचा हयातीचा दाखला करायला. ईपीएस-95 या कामगारांच्या पेन्शन योजनेखाली किमान पेन्शन महिना 1000 रुपये, आणि ती चालू राहायची तर दरवर्षी जीवन प्रमाण द्यावं लागतं. आयुष्यभर पानं कापून, वळून, दोरा बांधून बोटांच्या रेषा इतक्या झिजलेल्या की मशीन काही केल्या घेत नव्हती. तो पोरगा म्हणाला, "मावशी, बोट केसावर घासा जरा, तेल लागू द्या," मग ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, मग दुसऱ्या हाताची बोटं, आणि शेवटी त्यानं स्वतःचा मोबाइल काढून चेहऱ्याचं स्कॅन केलं, ही सोय 2021 पासून आहे. झालं काम. मावशींनी पैसे दिले, त्यानं पावती दिली आणि पुढचा माणूस आला. आता माझ्या प्रश्नावलीत ह्या सगळ्याला जागा कुठे होती? सोपं आहे का नाही याचं उत्तर मावशींनी काय द्यायचं? स्क्रीन त्यांच्या बाजूला नव्हतीच कधी.

ही शंका मी मॅडमना सांगितली, म्हणजे माझ्या गाईडना. त्या म्हणाल्या मुद्दा बरोबर आहे पण ह्यावर नीट सांगू शकेल असं आपल्या इथं कोण आहे बघावं लागेल. आणि खरी अडचण तीच होती. आमच्याकडे लोकप्रशासनात काम करणारे खूप चांगले लोक आहेत, पंचायत राज, स्थानिक स्वराज्य संस्था यावर एकेकाचा तीस वर्षांचा अभ्यास आहे, पण डिजिटल गव्हर्नमेंट हाच विषय करणारं आजूबाजूला कुणी नाही. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना विचारलं तर ते सॉफ्टवेअरवर बोलतात, मॅनेजमेंटवाले समाधानाच्या स्केलवर बोलतात. केंद्रातल्या त्या पोराबद्दल कुणाशी बोलायचं? असं शोधताना मला कलोक्वियमचं आवाहन सापडलं.

अर्ज तसा छोटा असतो पण लिहायला जड जातो. मोजक्या पानांत संशोधनाचा प्रश्न, आत्तापर्यंत कुणी काय केलंय, तुमची पद्धत, काम कुठवर आलंय, आणि गाईडचं पत्र. शिवाय कशावर मार्गदर्शन हवंय हेही लिहायचं होतं. मॅडम म्हणाल्या ह्याच भागावर सगळ्यात जास्त वेळ घाल, आणि मी घातला. बाकी सगळं सिनॉप्सिसमधून आलं, पण ह्या ठिकाणी मी मावशींचा प्रसंग जसा घडला तसा लिहिला आणि सरळ विचारलं की जिथं नागरिक स्क्रीनला हातच लावत नाही तिथं वापरकर्ता कुणाला म्हणायचं. निवड झाल्यावर एका मेंटरनं पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं की तुझा अर्ज ह्या परिच्छेदामुळे लक्षात राहिला. इंग्रजीची काळजी होती मला, बोलताना अडखळते मी, तर मी सगळं आधी मराठीत लिहून काढलं, माझं म्हणणं मला नीट कळलं, मग इंग्रजी केलं. ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय त्यांना मी हेच सांगेन.

सत्र आपल्या संध्याकाळी होतं. सगळ्यांना एकत्र बसवत नाहीत, छोटे छोटे गट करतात, आमच्या गटात चार-पाच विद्यार्थी आणि दोन मेंटर, दोघीही प्राध्यापक. एकमेकांचे अर्ज आधीच वाचून यायचे असतात. ही गोष्ट मला फार आवडली, कारण समोरच्यानं वाचलेलं असतं, त्यामुळे विषयाची ओळख करून देण्यात वेळ जात नाही आणि पहिला प्रश्नच कामाचा येतो. दहा मिनिटं मी बोलले, आणि मग त्यातल्या थोरल्या मेंटरनं विचारलं, उद्या पोर्टल बंद पडलं, तुझ्या अभ्यासातून पोर्टल काढून टाकलं, तर काय उरतं? मी म्हणलं, केंद्र उरतं, तो केंद्रचालक उरतो, लोक त्याच्याकडेच जातील आणि तो कागदाचा अर्ज लिहून देईल, आधी सेतूच्या, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी केंद्राच्या, बाहेर बसणारे देत होते तसा. त्या म्हणाल्या, मग तुझ्या प्रबंधाच्या आराखड्यात तो माणूस कुठे आहे? तो एका ओळीत होता, सेवा देणारा म्हणून.

त्यानंतर जी चर्चा झाली ती मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण पहिल्यांदाच कुणीतरी त्या काउंटरच्या पलीकडच्या खुर्चीबद्दल इतक्या गांभीर्यानं बोलत होतं.

गटात नेदरलँड्सचा एक मुलगा होता, त्याचा विषय सरकारी निर्णयातले अल्गोरिदम. तिथं बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो पालकांना फसवणूक करणारे ठरवून पैसे वसूल केले गेले, कुटुंबं कर्जात बुडाली, आणि त्यापायी जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारनं राजीनामा दिला. त्यानं बोव्हन्स आणि झौरिडिस यांची 2002 ची मांडणी समजावून सांगितली. मायकेल लिप्स्की यांनी 1980 मध्ये सांगितलं होतं की धोरण खऱ्या अर्थानं घडतं ते खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या हातून, पोलीस, शिक्षक, कारकून, कारण कुणाला किती ताणायचं आणि कुणाचं काम पटकन करायचं ही मोकळीक त्याच्याकडे असते. बोव्हन्स आणि झौरिडिस म्हणतात की कॉम्प्युटर आल्यावर तो कर्मचारी आधी स्क्रीनमागे जातो आणि पुढे सिस्टिमच निर्णय घ्यायला लागते, खिडकीवरच्याची मोकळीक संपते, ती सिस्टिम बनवणाऱ्याकडे जाते. त्याच्या देशात नेमकं तेच झालं होतं.

मी ऐकत होते आणि मला आमच्या केंद्रातले अर्ज डोळ्यासमोर दिसत होते. पूर्व भागात तेलुगू नावं असतात, घराचं नाव आधी लिहायची पद्धत, वडिलांचं नाव कधी येतं कधी नाही, आणि फॉर्मवर तीन रकाने, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशन कार्डावर मराठीत तिसरंच. कुठलं नाव कुठल्या रकान्यात टाकायचं, कुठलं स्पेलिंग खरं धरायचं, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं का आधी आधार दुरुस्त करून आणायला परत पाठवायचं हे सगळं केंद्रचालक ठरवतो, आणि त्याचा अंदाज चुकला तर अर्ज तहसीलमधून त्रुटीत परत येतो, माणसाचा रोज बुडतो. मी म्हणलं, आमच्याकडे मोकळीक संपलेली नाही, ती खिडकीच्या आतून बाहेर आलीय, अशा माणसाकडे जो सरकारचा नोकर नाही, ज्याला पगार नाही, ज्याची कमाई त्या अर्जांवरच आहे. बोलता बोलताच मला कळलं की माझा प्रबंध हा आहे.

दुसऱ्या मेंटर लगेच म्हणाल्या, हे वाक्य आत्ता लिहून ठेव, आणि मी लिहिलं.

केनियाची एक मुलगी होती, तिनं तर अजून एक दार उघडून दिलं. तिकडं ईसिटिझन नावाचं सरकारी पोर्टल आहे, हुदुमा सेंटर नावाची एका छताखालची सेवा केंद्रंही आहेत, तरी लोक गल्लीतल्या सायबर कॅफेवाल्याकडे जाऊन अर्ज भरून घेतात, टॅक्सचे रिटर्नसुद्धा तोच भरतो. म्हणजे हे सोलापूरचं किंवा भारताचंच काही वेगळेपण नाही. आमच्याकडे फरक इतकाच की सरकारनं त्या माणसाला अधिकृत केलं, लॉगिन दिलं, दरपत्रक लावायला सांगितलं, आणि त्यांच्याकडे तो सायबर कॅफे सरकारच्या हिशेबात कुठेच नाही. अधिकृत केल्यानं नेमकं काय बदलतं, लोकांचा भरवसा की दर की तक्रार करायची जागा, हा प्रश्न आम्ही दोघींनी मिळून काढला, आणि अजूनही आम्ही एकमेकींना फील्डच्या नोंदी पाठवतो. मेंटर महत्त्वाचे असतातच पण बरोबरीची माणसं मिळतात हे मला तितकंच मोलाचं वाटतं. एकटीनं पीएचडी करताना आपला प्रश्न आपल्यालाच छोटा वाटायला लागतो, आणि नैरोबीतली कुणीतरी तोच प्रश्न घेऊन बसलेली दिसली की अंगात बळ येतं.

सगळ्यात अवघड भाग नैतिकतेचा होता. मी केंद्रात बसणार म्हणजे मला काय काय दिसणार हे मेंटरनी एकेक करून विचारलं. लोकांचे आधार नंबर स्क्रीनवर दिसणार. पासवर्ड लिहिलेली वही दिसणार, ओटीपी यावा म्हणून चालकानं स्वतःचा मोबाइल नंबर टाकलेला दिसणार, कारण मावशींचा नंबर मुलाच्या नावावर आणि मुलगा पुण्यात कामाला. दरपत्रकावर एक रक्कम आणि हातात घेतलेली दुसरी हेही कधी दिसेल. मग हे लिहिणार का? लिहिलं आणि केंद्र ओळखू आलं तर त्याचं लॉगिन बंद होऊ शकतं, त्याचं घर त्यावर चालतं, आणि त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना पुढचं केंद्र लांब पडेल. आपल्याकडे पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर जातो, कुणालाही उघडून वाचता येतो. त्या म्हणाल्या, चौकाचं नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं समजू नको, शहर एक, वस्ती एक, तिथली केंद्रं मोजकी, शेजारचा माणूस अर्ध्या पानात ओळखेल. मग आम्ही ठरवलं की प्रसंग एका केंद्राचे म्हणून लिहायचे नाहीत, वेगवेगळ्या केंद्रांतल्या नोंदी एकत्र करून लिहायच्या, आधार नंबर किंवा कुणाचाही कागद वहीत उतरवायचाच नाही, आणि संमती फक्त चालकाची घेऊन भागणार नाही, काउंटरवर आलेल्या माणसालाही त्याच्या भाषेत सांगायचं, म्हणजे मला तेलुगू बोलणारी मैत्रीण सोबत लागणार. इथं आमच्याकडे नैतिक मंजुरीचा फॉर्म असतो तो भरला होता मी, पण असा विचार त्या फॉर्मनं करायला लावला नव्हता.

वाचायला त्यांनी बरंच दिलं. पामेला हर्ड आणि डॉनल्ड मॉयनिहान यांची प्रशासकीय ओझ्याची मांडणी मला फार उपयोगी पडली, त्यात ते तीन प्रकारचे खर्च सांगतात, माहिती मिळवण्याचा, कागद-नियम पुरे करण्याचा आणि मनाला होणाऱ्या त्रासाचा. आमच्या केंद्रात हे तिन्ही स्पष्ट दिसतात आणि केंद्रचालक पहिले दोन स्वतःकडे घेतो, पैसे घेऊन. तिसरा मात्र माणसापाशीच राहतो, सर्व्हर डाऊन आहे उद्या या म्हणलं की चेहरे कसे होतात ते मी रोज बघते. लेख आमच्या लायब्ररीत मिळत नव्हते, मेंटर म्हणाल्या लेखकाला सरळ मेल कर, लोक पाठवतात, आणि खरंच पाठवले.

मग परत यायचं होतं आपल्या कमिटीसमोर. रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीत पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे 384 चं काय झालं हाच आला. मी मावशींचा प्रसंग सांगितला, नावं-रकान्यांचा सांगितला, आणि म्हणलं की ज्यांनी स्क्रीन बघितलीच नाही अशा 384 लोकांना स्क्रीन सोपी आहे का विचारून मिळालेली सरासरी बिनचूक असेल पण ती कशाची सरासरी आहे हे मला सांगता येणार नाही. मॅडम ठामपणे माझ्या बाजूनं बोलल्या. एका सरांनी चांगली सूचना केली की सर्व्हे पूर्ण टाकू नका, केंद्रचालकांचा करा, पोर्टलचे खरे वापरकर्ते तेच आहेत तर सोपं-अवघड त्यांना विचारा, मॉडेल तिथं बसेल. हे मला तर सुचलंच नव्हतं, मेंटरनाही नाही. तर आता आराखडा असा आहे, मोजक्या केंद्रांत दीर्घ निरीक्षण, चालकांचा सर्व्हे, आणि काही अर्जांचा माग, म्हणजे काउंटरवर भरल्यापासून तहसीलमध्ये कारकून, नायब तहसीलदार असं करत डिजिटल सही होऊन दाखला हातात पडेपर्यंत, किंवा त्रुटी लागून परत येईपर्यंत. शीर्षकात बदल सुचवलाय, तोही मान्य झाला.

मला मनापासून वाटतं की हे काम सोलापूरसारख्या ठिकाणाहूनच नीट होऊ शकतं. संयुक्त राष्ट्रांचा ई-गव्हर्नमेंट निर्देशांक असतो, त्यात ऑनलाइन सेवा, टेलिकॉमच्या सोयी आणि मानवी भांडवल असे तीन भाग, त्यातून देश कुठे आहे ते कळतं, पण क्लिक कुणी केलं हे त्यातून कळत नाही. ते कळायला केंद्रात बसावं लागतं, आणि आपण तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. कलोक्वियममध्ये माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलेले विद्यार्थी होते, मोठ्या विद्यापीठांतले, पण सगळ्यात जास्त प्रश्न माझ्या फील्डबद्दल आले.

आता अर्ज करणाऱ्यांसाठी. सिनॉप्सिस मंजूर झालाय पण डेटा गोळा करून संपलेला नाही, ही वेळ सगळ्यात योग्य, कारण तेव्हा बदल करता येतो, प्रबंध लिहून झाल्यावर गेलात तर ऐकून घेण्यापलीकडे काही उरत नाही. गाईडचं पत्र लागतं म्हणून त्यांना महिनाभर आधी सांगा. फीमध्ये सवलत आहे का ते मेल करून विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही, आणि ऑनलाइनची सोय आहे का तेही. सत्राच्या वेळी घराचं वायफाय सांभाळून मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. बोलताना स्वतः नोंदी घेता येत नाहीत, मी गटातल्या मुलीला सांगून ठेवलं होतं, तिनं माझ्या लिहिल्या आणि मी तिच्या. माझ्या अर्जाची प्रत कुणाला नमुना म्हणून बघायची असेल तर जरूर देते, फक्त केंद्राचं वर्णन असलेला परिच्छेद काढून देईन.